वाफशाचें गणित
जमिनीच्या पोटांत पाणी व हवा यांची एकत्र वाटचाल

शेतास पाणी देणें हें काम वरून पाहतां अगदीं साधें दिसतें. पाट फोडावा, वाफा भरावा आणि पुढच्या वाफ्याकडे वळावें. परंतु पाणी पृष्ठभागाखालीं गेल्यावर किती खोल जातें, कोणत्या वेगानें जातें, आणि ज्या जागेंत तें शिरतें त्या जागेंत आधीं जें कांहीं होतें तें कोठें जातें, हे प्रश्न विचारूं लागलें म्हणजे या साध्या कामाच्या मागें एक मोठें गणितशास्त्र उभें असल्याचें दिसून येतें. द्रव आणि वायु, किंवा एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, एकाच वाटेनें जाऊं लागले असतां त्यांच्या प्रवाहाचा हिशेब कसा मांडावा, हा त्या शास्त्राचा विषय होय. खनिज तेलाच्या विहिरी, कारखान्यांतील बाष्पपात्रें, अशा अनेक ठिकाणीं तें लागतें. शेतकऱ्याच्या पायाखालच्या जमिनींत तर त्याचा प्रयोग रोज चालू असतो.

आमच्या बोलींत या विषयाचें सार एका शब्दांत सांठविलेलें आहे. तो शब्द 'वाफसा' होय. माती मुठींत दाबली असतां तिचा गोळा व्हावा पण हातास पाणी सुटूं नये, आणि गोळा खालीं टाकला असतां तो फुटून भुसभुशीत व्हावा, अशा स्थितीस आपण जमीन वाफशावर आली असें म्हणतों. या स्थितींत मातीच्या पोकळींत पाणीही असतें आणि हवाही असते. पाण्यावांचून मूळ जगत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण हवेवांचूनही तें जगत नाहीं, हें पुष्कळदां विसरलें जातें. मुळास लागणारा प्राणवायु हवेंतून जितक्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारें दहाहजाराव्या हिश्श्यानेंच तो पाण्यांतून पसरतो. म्हणून सर्व पोकळी पाण्यानें भरली कीं मूळ गुदमरूं लागतें. मातीच्या एकूण आकारमानाच्या निदान दहाव्या हिश्श्याइतकी हवा तींत खेळती असावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

पाणी जमिनींत कधींच एकटें चालत नाहीं, त्याच्याबरोबर हवेचाही हिशेब ठेवावा लागतो, हें या लेखाचें मुख्य सांगणें आहे. हा हिशेब ज्यांनीं बसविला त्यांची कामगिरी थोडक्यांत सांगून, त्यापासून आपल्या पाटपाण्यास काय बोध घेतां येतो तें पुढें पाहूं.

एका वाटेवरचे दोन वाटसरू

शेतांतल्या मातीच्या आकारमानाचा साधारणपणें निम्मा भाग पोकळ असतो. ही पोकळी म्हणजे लहानमोठ्या, वेड्यावांकड्या, एकमेकींस जोडलेल्या असंख्य नळ्यांचें जाळें आहे अशी कल्पना करावी. बारीक नळी पाणी ओढून धरते. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळींत पाणी सुमारें पंधरा सेंटिमीटर चढतें. त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक नळींत तें सुमारें दीड मीटर चढूं शकतें. म्हणजे नळी जितकी बारीक तितकी तिची ओढ मोठी.

परंतु ओढ मोठी असली तरी वाट अरुंद असते. सरळ नळींतून वाहणारें पाणी त्रिज्येच्या चौथ्या घातानें कमीजास्त होतें. त्रिज्या निम्मी केली कीं तेवढ्याच दाबानें वाहणारें पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतें. आतां माती वाळूं लागली म्हणजे काय होतें तें पाहावें. ज्या रुंद नळ्या पाणी सैल धरतात त्या प्रथम रिकाम्या होतात, आणि पाण्याची बहुतेक वाहतूक त्यांच्यांतूनच होत असते. त्यामुळें ओलावा थोडासा घटतांच पाणी वाहून नेण्याची शक्ति झपाट्यानें खालीं येते. पूर्ण भिजलेली माती आणि पीक सुकण्याच्या बेतास आलेली माती यांच्या या शक्तींत लक्षपटींहून अधिकही अंतर पडूं शकतें.

रिकाम्या झालेल्या नळ्यांचा ताबा हवा घेते. हवा पाण्याच्या मानानें फारच पातळ आहे; तिची चिकटाई पाण्याच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकी असते. म्हणून वाट मोकळी असेल तर तिला जाण्यास वेळ लागत नाहीं. परंतु दोघांची वाट एकच असल्यामुळें ती वाटून घ्यावी लागते, आणि या वांटणींत कांहीं भाग वायां जातो. वायकॉफ व बॉटसेट या दोन संशोधकांनीं वाळूनें भरलेल्या नळ्यांतून द्रव व वायु एकदम सोडून १९३६ सालीं प्रयोग प्रसिद्ध केले. एकट्या द्रवास मिळणारी वाट रुपया धरली, तर दोघे एकत्र असतां द्रवाच्या वांट्यास आलेले आणे व वायूच्या वांट्यास आलेले आणे मिळून रुपया भरत नाहीं, असें त्यांत दिसून आलें. दोघेही एकमेकांच्या आड येतात. तेलाच्या विहिरींचें पुढील सारें गणित या निरीक्षणावर उभारलें गेलें, आणि जमिनींतील ओलाव्यासही हाच नियम लागू आहे.

हिशेब कोणीं बसविला

या शास्त्राचा पाया फ्रान्समधील दिजों शहरांत घातला गेला. तेथील पाणीपुरवठा सिद्ध करणारा स्थापत्यशास्त्रज्ञ आन्री डार्सी यानें वाळूच्या उभ्या थरांतून पाणी सोडून मोजमापें घेतलीं व तीं १८५६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. थराच्या दोन टोकांमधील पाण्याच्या पातळींचें अंतर जितकें अधिक तितका प्रवाह अधिक, व थराची जाडी जितकी अधिक तितका तो कमी, असा त्याचा साधा नियम आहे. पण डार्सीची वाळू पाण्यानें पूर्ण भरलेली होती. शेताची जमीन तशी वर्षांतून थोडेच दिवस असते.

अर्धवट ओल्या मातीस हा नियम कसा लावावा, हें अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील मृत्तिका विभागाचा पदार्थविज्ञानवेत्ता एडगर बकिंगहॅम यानें १९०७ सालीं दाखविलें. मातीची ओढ आणि तिची वाहकशक्ति या दोन्ही गोष्टी ओलाव्याबरोबर बदलतात, ही त्याची मुख्य कल्पना होती. पुढें १९११ सालीं ऑस्ट्रेलियांतील हेबर ग्रीन व अँप्ट यांनीं पाणी जमिनींत मुरण्याचें एक सुटसुटीत सूत्र दिलें. त्यांच्या निबंधाचा विषयच मातींतून हवा व पाणी यांचा प्रवाह हा होता.

शेवटीं जमा-खर्चाचा नियम त्यास जोडला गेला. मातीच्या एखाद्या थरांत जितकें पाणी आलें त्यांतून गेलेलें वजा केलें असतां जें उरतें, तेवढ्यानेंच त्या थराचा ओलावा वाढला पाहिजे. हा नियम व बकिंगहॅमचा नियम एकत्र करून लोरेंझो रिचर्ड्‌स यानें १९३१ सालीं जें समीकरण मांडलें तें आज त्याच्या नांवानें ओळखलें जातें. हवामानाच्या भाकितासाठीं गणित बसवितांना लुई फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२२ सालींच त्याच सुमाराच्या समीकरणापर्यंत पोंचला होता. रिचर्ड्‌सनें पुढील आयुष्यांत खारवट व चोपण जमिनींच्या सुधारणेवर काम केलें, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास आणि जमिनी बिघडण्याचा प्रश्न हे एकमेकांपासून वेगळे नाहींत.

कागदावर करण्याजोगें उदाहरण

रिचर्ड्‌सचें समीकरण हातानें सोडविणें कठीण आहे. परंतु ग्रीन व अँप्ट यांचें सूत्र त्रैराशिकाची संवय असलेल्या कोणासही समजेल. पाणी मुरतांना वरची ओली माती व खालची कोरडी माती यांच्यामध्यें एक स्पष्ट सीमा असते व ती खालीं सरकत जाते, असें तें धरून चालतें. मुरण्याचा वेग काढावयाचा असेल तर मातीची कोरडी ओढ ओल पोंचलेल्या खोलीनें भागावी, त्यांत एक मिळवावा आणि आलेल्या संख्येनें भिजलेल्या मातीच्या वाहकशक्तीस गुणावें.

समजा, एका मध्यम पोताच्या जमिनीची वाहकशक्ति ताशीं एक सेंटिमीटर आहे, कोरड्या मातीची ओढ वीस सेंटिमीटर पाण्याइतकी आहे, व तिच्या पोकळीपैकीं आकारमानाच्या चौथ्या हिश्श्याइतकी जागा भरावयाची राहिली आहे. ओल पांच सेंटिमीटरवर असतां मुरण्याचा वेग ताशीं पांच सेंटिमीटर येतो. दहा सेंटिमीटरवर तीन, वीस सेंटिमीटरवर दोन, आणि चाळीस सेंटिमीटरवर दीड. प्रारंभीं जमीन अधाशासारखी पाणी पिते आणि नंतर ती मंद होते, हा आपला नेहमींचा अनुभव येथें आंकड्यांनीं दिसतो.

याच सूत्रावरून वेळ काढला तर पहिले वीस सेंटिमीटर भिजण्यास सुमारें दीड तास लागतो, चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाण्यास एकंदर साडेचार तास, आणि साठ सेंटिमीटरपर्यंत एकंदर आठ तास. पहिल्या वीस सेंटिमीटरांत पांच सेंटिमीटर पाणी मावतें. तें गुंठ्यास सुमारें पांच हजार लिटर व एकरास सुमारें दोन लक्ष लिटर होतें. ज्या भाजीपाल्याच्या मुळ्या वीस-पंचवीस सेंटिमीटरांतच आहेत त्यास साडेचार तास पाणी चालू ठेविलें, तर निम्म्यापर्यंत पाणी मुळांच्या खालीं निघून जातें. वरून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही वेळीं वाफा सारखाच भरलेला दिसतो.

प्रत्येक जमिनीचे आंकडे निराळे असतात, हें सांगणें नकोच. वरील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. चिकण काळ्या जमिनींत भिजल्यावरची वाहकशक्ति याहून पुष्कळच कमी असते, तर रेताड जमिनींत कित्येक पटींनीं अधिक असते.

कोंडलेली हवा

वरील हिशेबांत एक गोष्ट मुकाट्यानें गृहीत धरली आहे. पाणी खालीं सरकत असतां त्याच्या पुढची हवा विनातक्रार निघून जाते, असें आपण मानलें. रिचर्ड्‌सच्या समीकरणांतही हेंच गृहीत आहे. जमिनींतील हवेचा दाब सर्वत्र बाहेरच्या हवेइतकाच असतो, असें त्यांत धरलेलें असतें. हवा पातळ असल्यामुळें बहुतेक वेळां हें खरेंही असतें. परंतु हवेला जाण्यास वाटच नसेल तर काय होईल?

एक शेत घ्या. त्याच्या तळाशीं एक मीटरवर भूजलाची पातळी किंवा कठीण थर आहे. चहूंकडे बांध घालून त्यावर एकदम पांच सेंटिमीटर पाणी उभें केलें. वरून पाणी, खालून पाणी किंवा कठीण थर, अशी मधली हवा कोंडली गेली. हवेची जागा घटेल त्या मानानें तिचा दाब वाढतो, हा बॉइलचा नियम शाळेंतील मुलांसही ठाऊक असतो. समुद्रसपाटीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारें एक हजार तेहतीस सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ओल दहा सेंटिमीटर खालीं उतरली तर शंभर सेंटिमीटरांतील हवा नव्वदांत दाबली जाऊन तिचा दाब एकशेंपंधरा सेंटिमीटर पाण्याइतका वाढेल. पाण्यास खालीं ढकलणारें बळ मात्र वर उभें असलेलें पांच, ओलीची खोली दहा व मातीची ओढ वीस, मिळून पस्तीसच भरतें. म्हणजे हवेस फट मिळाली नाहीं तर पाणी तेथवर पोंचणेंच शक्य नाहीं. हिशेब पुरा केला तर ओल अडीच-तीन सेंटिमीटरांवरच थबकावयास हवी असें निघतें.

प्रत्यक्षांत तसें सर्वस्वीं घडत नाहीं, कारण दाब वाढतां वाढतां हवा कोठें तरी पाणी फोडून वर येते. भरलेल्या वाफ्यांतून बुडबुडे उठतात ते या धडपडीचे होत. पण सर्वच हवा अशा रीतीनें सुटत नाहीं. कांहीं भाग लहान लहान बुडबुड्यांच्या रूपानें पोकळींत अडकून बसतो व नेमक्या रुंद वाटाच बंद करतो. अमेरिकेंतील ख्रिश्चनसेन यानें १९४४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, अशी अडकलेली हवा मातीची वाहकशक्ति बरीच घटविते, आणि पाणी दीर्घकाळ वाहत राहिलें म्हणजे ती हळूहळू पाण्यांत विरघळून वाट पुन्हां मोकळी होते. शेतांत वरून भिजलेल्या मातीची वाहकशक्ति पूर्ण संपृक्त मातीच्या निम्मी धरावी, असा ठोकताळा जलशास्त्रज्ञ वापरतात. तो आपल्या उदाहरणास लावला, तर वीस सेंटिमीटरचा दीड तास तीन तास होतो आणि चाळीस सेंटिमीटरचे साडेचार तास नऊ होतात.

सरी-वरंब्याची पद्धति पुष्कळ ठिकाणीं सपाट वाफ्यापेक्षां सरस कां ठरते, याचें एक कारण येथें सांपडतें. सरींत पाणी असतां वरंब्याचा माथा कोरडा राहतो आणि त्या वाटेनें हवा बाहेर पडते. एकाआड एक सरी भिजविण्याच्या रीतींत तर ही वाट अधिकच मोकळी राहते. पूर्वजांनीं ही रीत अनुभवानें बसविली. गणितानें तिचें कारण दाखविलें.

यंत्राकडून होणारा हिशेब

वाहकशक्ति ओलाव्यावर अवलंबून आणि ओलावा वाहकशक्तीवर अवलंबून, असा पेंच असल्यामुळें ही समीकरणें सरळ रीतीनें क्वचितच सुटतात. ऑस्ट्रेलियाचा जॉन फिलिप यानें १९५७ सालीं कांहीं साध्या प्रसंगांसाठीं सुंदर उत्तरें काढलीं. १९८० सालीं व्हान गेनुख्टन यानें ओढ व ओलावा यांचा संबंध सांगणारें सोयीचें सूत्र दिलें. तरी थरथरांची जमीन, येताजाता पाऊस व पाणी ओढणारीं मुळें, या सर्वांचा विचार करावयाचा तर संगणकयंत्राखेरीज गति नाहीं.

यंत्राची रीत मात्र समजण्यास अवघड नाहीं. एक मीटर खोल जमिनीचे प्रत्येकीं एक सेंटिमीटरचे शंभर थर कल्पावेत. प्रत्येक थराचें एक खातें उघडावें. मग दर मिनिटास प्रत्येक खात्यांत शेजारच्या खात्यांतून किती पाणी आलें व किती गेलें हें मांडून नवी शिल्लक काढावी. शिल्लक बदलली कीं वाहकशक्ति बदलते, म्हणून तोच हिशेब पुन्हां करावा, आणि दोन फेऱ्यांच्या उत्तरांत फरक उरेनासा झाला म्हणजे पुढच्या मिनिटाकडे जावें. असे लक्षावधि हिशेब यंत्र थोड्या वेळांत करतें.

या कामांत एक खोंच बरींच वर्षें अडचण करीत होती. समीकरण बिनचूक असूनही हिशेबाच्या शेवटीं शेतांत घातलेलें पाणी आणि मातींत सांपडलेलें पाणी यांचा मेळ बसत नसे; कागदावरच पाणी नाहींसें होई. खात्यांत प्रत्यक्ष ओलावा न मांडतां केवळ मातीची ओढ मांडून तीवरून ओलाव्याचा अंदाज केल्यानें हें होत असे. दुकानदारानें माल न मोजतां केवळ भावावरून शिल्लक ठरवावी, तसाच हा प्रकार होता. सीलिया, बूलूटस व झार्बा या तिघांनीं १९९० सालीं ओलावा व ओढ हीं दोन्हीं एकाच मांडणींत घेऊन हा दोष दूर केला. आज पुष्कळ ठिकाणीं वापरला जाणारा 'हायड्रस' हा कार्यक्रम याच धर्तीवर चालतो. ठिबक सिंचनांत तोटीखालीं ओलीचा गोळा चिकण मातींत आडवा व रेताड मातींत खोल कां पसरतो, आणि दोन तोट्यांत किती अंतर ठेवावें, हें अशा कार्यक्रमांनीं आधींच अजमावतां येतें.

जेथें हवा कोंडली जाते तेथें एक खातेंवही पुरत नाहीं. पाण्याची एक व हवेची दुसरी, अशा दोन वह्या ठेवाव्या लागतात. हवा दाबली जाते म्हणून तिचें आकारमान न मांडतां वजन मांडावें लागतें. दोन्ही वह्यांचा मेळ प्रत्येक थरांत बसला पाहिजे, कारण पोकळी एकच आहे. एकानें सोडलेली जागा दुसऱ्यानेंच भरावयाची असते.

मुरूम आणि भेगा

हें गणित कांहीं रूढ समजुतींस धक्का देतें. काळ्या मातीच्या थराखालीं जाड मुरूम असला म्हणजे तो वरचें जास्तीचें पाणी लगेच ओढून घेतो, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मुरुमाच्या रुंद पोकळीस पाण्याची ओढ फार थोडी असते, आणि वरची बारीक माती पाणी घट्ट धरून ठेवते. म्हणून वरचा थर जवळजवळ संपृक्त झाल्यावांचून पाणी मुरुमांत उतरतच नाहीं. कुंडीच्या तळाशीं खडी घातल्यानें मातींत ओल कमी राहते ही समजूत याच कारणानें चुकीची ठरते. खडीच्या लगतची माती उलट अधिक ओली राहते. अशा जमिनींत मुरुमावर भरंवसा ठेवून भरमसाट पाणी देणें म्हणजे मुळांभोंवतींची हवा स्वतःच्या हातानें घालविणें होय.

तथापि गणितासही मर्यादा आहेत. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत हातभर भेगा टाकते. पहिलें पाणी मातीच्या नळ्यांतून न जातां या भेगांतून सरळ खालीं जातें. वरचा ढेकूळ कोरडा असतांनाच तळ भिजतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाण्यास जवळजवळ दार लावून घेते. ज्या समीकरणानें माती न हलणारी मानली तें येथें लंगडें पडतें. यासाठीं शास्त्रज्ञ भेगांची एक व मातीची दुसरी अशा दोन जमिनी एकाच जागीं कल्पून दोघींत देवघेव दाखवितात. ही युक्ति उपयोगी आहे, पण भेगांचीं मापें शेतांत जाऊनच घ्यावीं लागतात. कोणताही कार्यक्रम शेतांत घेतलेल्या मापांपेक्षां अधिक शहाणा नसतो.

उलटी वाट

पाणी केवळ खालीं जात नाहीं. वरची माती वाळली म्हणजे तें खालून वर चढतें आणि बरोबर क्षार आणतें. भूजल उथळ असतां पृष्ठभागावरून किती पाणी उडूं शकेल, याचें सूत्र गार्डनर यानें १९५८ सालीं दिलें. मध्यम पोताच्या जमिनीस लागू पडणारा घातांक तीन धरला, तर भूजलाची खोली दुप्पट केली असतां वर येऊं शकणारें पाणी आठव्या हिश्श्यावर येतें. भूजल एक मीटरवरून दोन मीटरवर लोटण्यासाठीं चर खणण्याचा खर्च कां परवडतो, याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे.

महाराष्ट्रांत हा प्रश्न नवा नाहीं. नीरा व प्रवरा यांच्या कालव्यांखालीं आणि कृष्णाकांठच्या उसाच्या पट्ट्यांत चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्याचें आपण पाहिलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धति सुरू केली. एकाच भागांत ऊसच ऊस करून पाणी कोंबण्याऐवजीं तें पाळीपाळीनें विस्तृत क्षेत्रावर निरनिराळ्या पिकांस वांटावें, असा तिचा रोख होता. उसास पाणी जास्त दिल्यानें उत्पन्न वाढतेंच, ही समजूत आज ठिबकाच्या काळांतही पुरती गेलेली नाहीं. जादा दिलेलें पाणी मुळांखालीं जातें, भूजल वर येतें, पोकळींतील हवा हटते, आणि उन्हाळ्यांत त्याच वाटेनें क्षार वर येतात. वाफशाची जमीन चोपण होते ती अशा क्रमानें, आणि ती परत वाफशावर आणण्यास एक पिढी खर्चीं पडते.

व्यवहारांत काय करावें

शेतकऱ्यानें समीकरणें सोडवावींत अशी कोणाचीही अपेक्षा नाहीं. परंतु त्यांतून निघणाऱ्या पुढील गोष्टी कोणासही करतां येतील.

पहिली गोष्ट, आपल्या जमिनीची वाहकशक्ति स्वतः मोजावी. दोन्हीं बाजूंनीं उघडा असा पत्र्याचा रुंद गोल नळकांडा दहा-पंधरा सेंटिमीटर जमिनींत ठोकावा, त्याभोंवतीं दुसरा मोठा नळकांडा ठोकून दोहोंत पाणी भरावें, व आंतल्या नळकांड्यांतील पातळी दर तासास किती उतरते तें टिपावें. प्रारंभीं ती झपाट्यानें उतरेल. कांहीं तासांनीं वेग स्थिर होईल. तो स्थिर वेग हीच जवळजवळ आपल्या जमिनीची वाहकशक्ति होय. शेताच्या तीन-चार ठिकाणीं हें करावें.

दुसरी, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीं लोखंडी सळई किंवा गिरमिट घालून ओल किती खोल गेली तें पाहावें. मुळांच्या खालीं ओल आढळली तर पुढील पाळीचा वेळ कमी करावा.

तिसरी, चहूंकडून एकदम पाणी तुंबविणें टाळावें. हवेस निघण्यास वरंबा किंवा कोरडी सरी ठेवावी. सपाट वाफा करणेंच भाग असेल तर एका कडेनें भरीत जावें, म्हणजे हवा पुढें सरकत दुसऱ्या कडेनें निघेल.

चवथी, काळ्या जमिनीस भेगा रुंदावण्यापूर्वींच पाणी द्यावें. भेगा मोठ्या झाल्यावर दिलेलें पहिलें पाणी पिकापेक्षां तळासच अधिक पोंचतें.

पांचवी, वाफसा येण्यापूर्वीं औत किंवा ट्रॅक्टर शेतांत घालूं नये. ओल्या मातीवर चाक फिरलें कीं प्रथम रुंद नळ्या मोडतात. पाण्याची व हवेची बहुतेक वाहतूक त्यांच्यांतूनच असते. एका फेरींत झालेलें हें नुकसान कित्येक हंगामांच्या शेणखतानें भरून निघतें.

सहावी, कालव्याखालीं किंवा नदीकांठीं जमीन असल्यास शेताच्या कडेस एक साधी निरीक्षण-नळी पुरून महिन्यास एकदां भूजलाची खोली वहींत लिहावी. पातळी दीड मीटराच्या आंत येऊं लागली कीं शेजाऱ्यांस एकत्र करून निचऱ्याच्या चरांचा विचार त्याच वर्षीं करावा. एकट्याच्या चरानें शेजाऱ्याचें पाणी अडत नाहीं.

शेतकऱ्यास पाण्याचा हिशेब ठेवण्याची संवय आहे, कारण पाण्यास पैसे पडतात किंवा विजेचें बिल येतें. हवेस पैसे पडत नाहींत म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. पीक मात्र दोन्हींचा हिशेब ठेवतें, आणि त्याची शिल्लक आपणांस सुगीच्या दिवशीं दिसते. पाळी देतांना शेत किती भरलें याबरोबरच तें किती वेळांत वाफशावर परत येतें, हेंही प्रत्येकानें आपल्या वहींत टिपावें. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी गांवांत दहा घरीं झाल्या, तर त्या गांवच्या जमिनीविषयीं कोणत्याही ग्रंथांत न मिळणारी माहिती गांवाच्याच हातीं येईल.